रुग्णसेवेचे शिक्षण आणि नफ्याचा व्यापार



विद्येचा विक्रय करू नये, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. तरी गुरूलाही पोट असते, हे सांगणारांनाही ठाऊक होते. तेव्हा शिकवण्याबद्दल पैसे घ्यावेत की नाही, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. शिकवणाराची मिळकत कशावर अवलंबून असावी? शिष्य शिकून कामाला लागला यावर, की त्याने प्रवेशपत्रावर सही केली एवढ्यावरच? भेद बारीक दिसतो. पण त्या बारीक भेदातून लाखो गरीब माणसांच्या डोक्यावर कर्जाचे डोंगर कसे उभे राहिले, याचा एक मोठा इतिहास अमेरिकेत घडला आहे. दवाखान्यातील व इस्पितळातील खालच्या पायरीची कामे शिकवणाऱ्या नफेखोर शाळांचा हा इतिहास आहे, आणि तोच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम एक हिशेब पाहू. अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यात ‘मेडिकल असिस्टंट’ म्हणून एक मदतनीस असतो. रुग्णाचे नाव नोंदवायचे, वजन व रक्तदाब पाहायचा, डॉक्टरांच्या हाताशी उभे राहायचे, कागदपत्र ठेवायचे, असे त्याचे काम. २०१२ साली अमेरिकन सिनेटच्या एका समितीने टॉम हार्किन यांच्या अध्यक्षतेखाली नफ्यासाठी चालणाऱ्या तीस शिक्षणकंपन्यांची चौकशी करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो गावी हील्ड कॉलेज नावाच्या खाजगी शाळेत या मदतनीसाच्या पदविकेला २२,२७५ डॉलर पडत, आणि त्याच गावच्या सार्वजनिक फ्रेस्नो सिटी कॉलेजात तशाच शिक्षणाला १,६५० डॉलर पडत, असे त्यात नमूद आहे. त्या सुमारास, म्हणजे २०१० साली, या मदतनीसाचे देशातील मध्यम वेतन वर्षाला २९,००० डॉलरांच्या आतच होते. म्हणजे एकाने तीन आठवड्यांच्या पगाराइतकी फी द्यायची आणि दुसऱ्याने नऊ महिन्यांच्या पगाराहून अधिक! काम तेच, वेतन तेच. मग महागड्या दारात रांग का लागावी? माणसे मूर्ख होती, असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी मागे गेले पाहिजे.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत खुद्द डॉक्टरही अशाच दुकानांत तयार होत. गावातील सहा-आठ वैद्यांनी एकत्र यावे, एखादी माडी भाड्याने घ्यावी, शाळेची सनद मिळवावी आणि व्याख्यानांची तिकिटे विकावीत, अशी ती पद्धत. फीची रक्कम प्राध्यापक आपसात वाटून घेत. विद्यार्थ्याला नापास केले की फी बुडाली. म्हणून नापास कोणी होत नसे. एका शतकाच्या अवधीत अमेरिका व कॅनडात मिळून ४५७ वैद्यकीय शाळा निघाल्या, आणि बहुतेक अल्पायुषी ठरल्या. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या ज्या महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, ते १८५० साली स्त्रियांना वैद्यक शिकवण्यासाठीच स्थापन झालेले होते. पण त्याच काळात त्या देशात पदवी विकणारी किती दुकाने मांडलेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे आनंदीबाईंच्या निवडीचे मोल अधिक कळते.

१९१० साली अब्राहम फ्लेक्सनर या गृहस्थांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी त्या वेळी चालू असलेल्या १५५ शाळांचा अहवाल लिहिला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. म्हणूनच कदाचित त्यांना जे दिसले ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. माहितीपत्रकात प्रयोगशाळेचे वर्णन असावे आणि प्रत्यक्षात प्रयोगशाळाच नसावी, असे त्यांना आढळले. कित्येक शाळांत प्रयोगशाळेपेक्षा जाहिरातीवर अधिक खर्च होतो, असेही त्यांनी नोंदवले. श्रोत्यांनी हे एवढे वाक्य ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांनी ते पुन्हा आपल्या भेटीस येणार आहे.

या अहवालाने, आणि त्याआधीच सुरू झालेल्या सुधारणांनी, दुकानदारी शाळांचे दिवस भरले. एक-दोन दशकांत निम्म्याहून अधिक शाळा मिटल्या. डॉक्टरी विद्येचा दर्जा उंचावला, यात शंका नाही. तथापि या सुधारणेची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. काळ्या लोकांसाठी तेव्हा सात वैद्यकीय शाळा होत्या. त्यांपैकी दोनच, हॉवर्ड आणि मेहारी, टिकवण्याजोग्या आहेत असा फ्लेक्सनर यांनी अभिप्राय दिला, आणि १९२३ सालापर्यंत उरलेल्या पाचही बंद झाल्या. वाईट दुकान बंद करणे सोपे असते. त्या दुकानाच्या दारातून जी माणसे आत येऊ पाहत होती त्यांच्यासाठी दुसरे दार उघडणे कठीण असते. ते काम त्या वेळी झाले नाही. तेव्हापासून नफेखोर शाळांचा प्रत्येक कैवारी हाच युक्तिवाद करीत आला आहे, की आम्ही नसू तर या गरिबांना कोण घेणार? या युक्तिवादात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो इतका टिकला.

डॉक्टरांच्या खालची पायरी परिचारिकांची. १८७३ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे परिचारिकांच्या तीन शाळा निघाल्या, आणि मग जवळजवळ प्रत्येक इस्पितळाने आपली शाळा काढली. येथे व्यवहार उलटा होता. मुलीने फीऐवजी श्रम द्यायचे, आणि इस्पितळाने त्या श्रमांवर आपला गाडा हाकायचा. दिवसाचे बारा-बारा तास कामात जात, शिकवणे उरल्या वेळात होई. १९२३ साली जोसेफिन गोल्डमार्क यांच्या अहवालाने या पिळवणुकीवर बोट ठेवले. पण ज्या मुलींना घरदार सोडून इस्पितळात राहणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभीच दुसरे दुकान उघडले होते. न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन येथील शटॉक्वा नावाची शाळा टपालाने परिचर्या शिकवू लागली. रुग्णाच्या खाटेशी उभे न राहता केवळ पाठ वाचून परिचारिका होता येते, ही कल्पना तेव्हाच्या परिचारिकांच्या पुढाऱ्यांना अर्थातच मान्य नव्हती. तरी गिऱ्हाइके मिळाली. विधवेला, चाळिशीतल्या बाईला, लेकुरवाळीला इस्पितळाची शाळा घेत नसे. टपालवाला मात्र घेई. मागणी खरी होती, माल मात्र कच्चा होता.

येथवर विद्यार्थी स्वतःच्या खिशातून पैसे देत होता, त्यामुळे या धंद्याला त्या खिशाएवढीच मर्यादा होती. १९४४ साली ही मर्यादा गेली. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा कायदा त्या वर्षी झाला, आणि वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकार थेट शाळेला देऊ लागले. हेतू उदात्त होता, आणि लाखो सैनिक त्यामुळे खरोखर शिकले. परंतु सरकारी तिजोरीचे तोंड उघडलेले दिसताच धंदेशिक्षणाच्या हजारो खाजगी शाळा पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. खोटी हजेरी आणि फुगवलेली फी हे प्रकार इतके वाढले, की ऑलिन टीग यांच्या अध्यक्षतेखाली लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला चौकशी समिती नेमावी लागली. टीग स्वतः युद्धात जखमी झालेले सैनिक होते.

त्या चौकशीतून १९५२ सालच्या नव्या कायद्यात दोन गोष्टी आल्या. पैसे शाळेच्या हाती न देता सैनिकाच्या हाती द्यायचे, ही एक. दुसरी अधिक मार्मिक होती. खाजगी धंदेशिक्षणाच्या वर्गात सरकारी पैशाने शिकणारे सैनिक शंभरात पंचाऐंशीहून अधिक नसावेत, निदान पंधरा जण तरी निराळ्या पैशाने शिकणारे असावेत. म्हणजे ज्या शिक्षणाला स्वतःच्या गाठीचा पैसा देणारे एकही गिऱ्हाईक मिळत नाही, ते शिक्षण त्या किमतीचे नसावे, असा हा साधा बाजारी शहाणपणा होता.

१९६५ साली दोन मोठे कायदे झाले. एकाने वृद्धांच्या व गरिबांच्या औषधोपचाराचा भार सरकारने उचलला, आणि इस्पितळे, दवाखाने व वृद्धाश्रमवजा शुश्रूषागृहे यांना मदतनिसांची कधी नव्हे एवढी गरज पडू लागली. दुसऱ्याने विद्यार्थ्यांना सरकारी हमीची कर्जे दिली. १९७२ साली नफेखोर शाळांनाही या मदतीत महाविद्यालयांच्या बरोबरीने स्थान मिळाले. मागणी आणि पैसा एकाच वेळी आले. १९८० नंतरच्या दशकात थकलेल्या कर्जांचा आकडा वाढत गेला. १९९० च्या सुमारास सिनेटर सॅम नन यांच्या समितीने पुन्हा तीच चौकशी केली आणि तेच निष्कर्ष काढले. १९९२ साली टीग यांच्या कायद्यातील कल्पना थोडी बदलून परत आली: शाळेच्या उत्पन्नापैकी शेकडा पंचाऐंशीहून अधिक रक्कम शिक्षणखात्याच्या मदतीतून येता कामा नये. विद्यार्थी आणून देणाऱ्याला डोईमागे दलाली देण्यासही बंदी झाली. १९९८ साली पंचाऐंशीचे नव्वद झाले, आणि २००२ साली दलालीच्या बंदीला पळवाटा ठेवण्यात आल्या.

आता या नाटकाचा मुख्य अंक. कॉरिंथियन कॉलेजेस ही कंपनी १९९५ साली कॅलिफोर्नियात स्थापन झाली. १९९९ साली तिचे भाग शेअरबाजारात आले. ‘एव्हरेस्ट’ या नावाने तिच्या शाळा देशभर पसरल्या. मघाशी सांगितलेले हील्ड कॉलेज तिने २०१० साली विकत घेतले. वैद्यकीय मदतनीस हा तिच्या दुकानातला एक प्रमुख माल होता. दिवसा दूरदर्शनवर जाहिराती लागत, कारण दिवसा घरी असलेली बेकार मुलगी किंवा एकटी आई हेच तिचे गिऱ्हाईक.

हार्किन समितीने तपासलेल्या कंपन्यांचा एकंदर हिशेब पाहा. २००९ साली मिळकतीच्या शंभर डॉलरांपैकी बावीस-तेवीस डॉलर जाहिरात व भरतीवर गेले, सुमारे एकोणीस नफ्यात गेले आणि शिकवण्यावर सतराच्या आसपास खर्च झाले. विद्यार्थी भरती करणारे नोकर नोकरी मिळवून देणाऱ्या नोकरांच्या जवळजवळ दसपट होते. प्रयोगशाळेपेक्षा जाहिरातीवर खर्च अधिक, हे फ्लेक्सनर यांचे वाक्य शंभर वर्षांनी असे परत आले.

फी इतकी का चढली, याचे उत्तर शिकवण्याच्या खर्चात सापडत नाही. ते कर्जाच्या मर्यादेत सापडते. स्टेफनी सेलिनी आणि पुढे २०२३ साली नोबेल मिळवलेल्या क्लॉडिया गोल्डिन या दोन अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी २०१४ साली दाखवून दिले, की सरकारी मदतीस पात्र असलेल्या नफेखोर शाळांची फी, तसेच शिक्षण देणाऱ्या पण मदतीस अपात्र शाळांच्या फीपेक्षा सुमारे पाऊणपट अधिक होती. आणि हा फरक विद्यार्थ्यामागे मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या जवळपास होता. गरिबाला दिलेली मदत गरिबाच्या हातून निसटून फीत जमा होत होती.

याहून विलक्षण गोष्ट शेकडा नव्वदच्या नियमाची झाली. कंपनीची जवळजवळ सारी मिळकत सरकारी होती. उरलेले दहा टक्के आणायचे कोठून? सरकारी मदत जेथे संपते तिच्यापलीकडे फी नेऊन ठेवायची, म्हणजे विद्यार्थ्याला वरच्या रकमेसाठी खाजगी कर्ज काढावेच लागेल, आणि ते कर्ज ‘निराळा पैसा’ म्हणून हिशेबात धरता येईल! ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी नेमलेल्या संघराज्य कार्यालयाने २०१४ साली कॉरिंथियनवर दावा लावला, त्यात हाच आरोप होता. ‘जेनेसिस’ नावाच्या या कर्जांचा व्याजदर २०११ साली पंधरा टक्क्यांच्या घरात होता. शिकत असतानाच हप्ते सुरू होत, आणि हप्ता चुकला तर वर्गातून बाहेर बोलावले जाई. तीन वर्षांच्या आत शंभरातील साठाहून अधिक ऋणको थकले. २०१५ साली न्यायालयाने कंपनीविरुद्ध ५३ कोटी डॉलरांचा निकाल दिला. पण तोवर वसूल करण्यासारखे तेथे काही उरले नव्हते. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमानेच फी वाढवावी, यापरते दुर्दैव कोणते? टीग यांनी खराखुरा दुसरा ग्राहक मागितला होता. मधल्या चाळीस वर्षांत त्याचा केवळ हिशेबातला आकडा उरला होता.

नोकऱ्यांचे आकडेही असेच. हील्डने आपल्याच शाळेत दोन-दोन दिवसांची तात्पुरती कामे लावून देऊन पदवीधर ‘आपल्या क्षेत्रात’ कामाला लागल्याचे दाखवले, असे शिक्षणखात्याने एप्रिल २०१५ मध्ये तीन कोटी डॉलरांचा दंड ठोठावताना नमूद केले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीने उरलेल्या २८ शाळांना कुलुपे लावली. सुमारे सोळा हजार विद्यार्थी एका दिवसात रस्त्यावर आले. त्याआधी फेब्रुवारीत पंधरा माजी विद्यार्थ्यांनी कर्ज फेडणार नाही असे जाहीर करून संप पुकारला होता. कर्जदारांचा संप! आपल्या इतिहासात १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले होते. येथे रोखा सावकाराच्या माडीवर नव्हता, सरकारच्या दप्तरी होता. म्हणून मार्ग अर्जाचा व न्यायालयाचा राहिला. तो फार लांबला. अखेर जून २०२२ मध्ये शिक्षणखात्याने ५,६०,००० कर्जदारांचे ५८० कोटी डॉलरांचे कर्ज माफ केले. तो पैसा करदात्यांनी सोसला. भागधारकांनी वाटून घेतलेला नफा मात्र परत आला नाही, आणि त्या स्त्रीपुरुषांची उमेदीची वर्षेही परत आली नाहीत.

मग उपाय काय? तो अमेरिकेतच एका कोपऱ्यात १९८७ सालापासून होता. शुश्रूषागृहांतील मदतनिसांसाठी, म्हणजे वृद्धांना उठवणे, न्हाऊमाखू घालणे, भरवणे ही कामे करणाऱ्यांसाठी, त्या वर्षी कायदा झाला. त्यांना निदान ७५ तासांचे शिक्षण मिळालेच पाहिजे, असे त्यात ठरले; कॅलिफोर्नियासारखी राज्ये १६० तास मागतात. पण खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शिक्षण सुरू होतेवेळी जी मदतनीस एखाद्या शुश्रूषागृहाच्या नोकरीत असेल, किंवा जिला तेथे नोकरीचे वचन मिळालेले असेल, तिच्याकडून या शिक्षणाची एक कपर्दिकही घेता येत नाही. स्वतः पैसे भरून शिकलेली मदतनीस बारा महिन्यांच्या आत कामाला लागली, तर तिला खर्च परत मिळण्याची तरतूद राज्याने करायची. शिकलेल्या हातांचा लाभ ज्याला होतो, त्याने शिकवण्याचा खर्च उचलावा, हे यातील तत्त्व. अर्थात ही नोकरी कष्टाची व कमी पगाराची आहे, आणि नोकरीचे वचन नसताना खाजगी वर्गात जाणारीला आधी पैसे मोजावेच लागतात. तरीही वैद्यकीय मदतनीसाच्या शिक्षणाला एवढेसुद्धा संरक्षण नव्हते, आणि लूट तेथेच झाली, हा योगायोग म्हणता येणार नाही.

दुसरा उपाय मोजमापाचा. शिकून मिळणाऱ्या पगाराच्या मानाने कर्जाचा हप्ता किती असावा, याची मर्यादा २०१४ साली ठरली: एकूण मिळकतीच्या आठ टक्के, किंवा गरजा भागून उरलेल्या मिळकतीच्या वीस टक्के. जानेवारी २०१७ मध्ये पहिले निकाल लागले, तेव्हा आठशेहून अधिक अभ्यासक्रम नापास झाले, आणि त्यांतील शंभरापैकी अठ्ठ्याण्णव नफेखोर शाळांचे होते. २०१९ साली हा नियम रद्द ठरवला गेला, आणि २०२३ साली नव्या रूपात परत आणला गेला. सैनिकांना मिळणारी शिक्षणमदत ‘निराळा पैसा’ म्हणून मोजण्याची पळवाट २०२१ च्या कायद्याने बंद केली. सरकार बदलले की मोजपट्टी बदलते, आणि धंद्याला तेवढी उसंत पुरते.

नफेखोर शाळांच्या बाजूने जे खरे आहे तेही सांगितले पाहिजे. २००८ च्या मंदीनंतर कॅलिफोर्नियाने सार्वजनिक महाविद्यालयांची अनुदाने कापली आणि त्यांचे वर्ग कमी झाले. स्वस्त दारावर ‘जागा नाही’ अशी पाटी लागते, तेव्हाच महागड्या दारात गर्दी होते. फ्रेस्नोचे कोडे येथे सुटते. १,६५० डॉलरांची जागा हवी तेवढी उपलब्ध असती, तर २२,२७५ डॉलरांची जागा विकली गेली नसती. केवळ निर्बंध घालून भागत नाही. सार्वजनिक जागा वाढवाव्या लागतात.

आपल्याला हा इतिहास परका वाटू नये. महाराष्ट्रात १९८३ सालापासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे युग सुरू झाले, आणि चारच वर्षांत, १९८७ साली, कॅपिटेशन फीला बंदी करणारा कायदा करावा लागला. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयालाही शिक्षणाच्या व्यापाराची दखल घ्यावी लागली. डॉक्टर-इंजिनियरांची चर्चा सर्वत्र होते. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृहातला मदतनीस यांच्या शिक्षणाची चर्चा क्वचितच होते. त्यांपैकी अनेक व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याचा कायदा केंद्राला २०२१ साली सुचला. वस्तुतः आपल्याकडे एक चांगला धडा फार आधी घालून दिलेला आहे. रमाबाई रानड्यांच्या पुणे सेवासदनाने विधवा आणि निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण मिळवून दिले. शिकणारी गरीब, शिकवण्याची जागा सार्वजनिक इस्पितळ आणि मधला भार उचलणारा समाज, अशी ती रचना होती. त्यात भागधारक नव्हता.

म्हणून घरातील मुलगी किंवा शेजारचा मुलगा अशा एखाद्या वर्गाचे माहितीपत्रक घेऊन आला, तर वडीलधाऱ्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. फी ही शिकल्यानंतरच्या किती महिन्यांच्या पगाराइतकी आहे? हेच शिक्षण सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात मिळते काय? प्रत्यक्ष रुग्णाजवळ काम करायला किती तास मिळणार? आणि गेल्या वर्षी शिकून गेलेली चार मुले आज कोठे कामाला आहेत, त्यांना भेटता येईल काय? कोर्‍या सहीवर भरवसा ठेवून कर्ज काढण्याआधी हे चार प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही.

परंतु सारा भार पालकांच्या चतुराईवर टाकून चालणार नाही, हेच या दीडशे वर्षांनी दाखवले आहे. आजारी माणसाला कूस बदलून देणारे हात समाजाला हवे आहेत. ते हात तयार करण्याचा खर्च त्या हातांच्याच माथी, तोही व्याजासकट, मारायचा काय, याचे उत्तर नगरपालिकेने, राज्याने आणि इस्पितळांच्या मालकांनी द्यायचे आहे. ते त्यांच्याकडून मागण्याचे काम तुमचे-माझे आहे.